घरमालक कोणाचा माणूस? कापूसपट्ट्यातल्या एका स्टार्टअपनं पत्ता कसा निवडला

हे प्रकरण एका नवरा-बायकोचं आहे. नावं देत नाही, कारण ज्या भागाबद्दल लिहितोय तिथं आडनाव कळलं की बाकीचं सगळं कळतं. ती समुद्रपूर तालुक्यातल्या कास्तकार घरातली, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. तो सांगलीकडचा, सॉफ्टवेअरमधला. दोघं पुण्यात बाणेरला राहत होते, नोकऱ्या बऱ्या होत्या, मुलगी लहान होती. २०२३ मध्ये नोकऱ्या सोडून त्यांनी कापसातला ओलावा मोजणारं यंत्र बनवायला घेतलं. माझा संबंध हिशेबाचा. मी वर्ध्यात कर सल्लागार आहे. कंपनीची नोंदणी, जीएसटी, भाडेकरार हे सगळे कागद माझ्याच टेबलावरून गेले आणि प्रत्येक कागदावर एक रकाना रिकामा राहायचा तो पत्त्याचा. तो भरायला त्यांना किती वेळ लागला आणि मधे काय काय झालं, ते इथं लिहितोय.

आधी ओलाव्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. भारतीय कापूस महामंडळ, म्हणजे सीसीआय, हमीभावानं कापूस घेतं तेव्हा ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव देतं. त्यापुढे ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्का उतरतो, आणि १२ टक्क्यांच्या वरचा कापूस घेतला जात नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. एक टक्का म्हणजे ८१ रुपये. पंधरा क्विंटलची गाडी ११ टक्के निघाली तर साडेतीन हजारांहून जास्त गेले. हे झालं सरकारी खरेदीचं, जिथं निदान तक्ता तरी असतो. खासगी खरेदीत बरेचदा मूठभर कापूस दाबून बघतात, ‘ओला हाय’ म्हणतात आणि भाव तोडतात. गाडी भाड्याची असते, मागे रांग लागलेली असते. अशा वेळी माल परत घरी कोण नेणार?

यांचं यंत्र म्हणजे एक लांब सळई. घरातल्या कापसाच्या ढिगात किंवा भरलेल्या गाडीत ती खोलवर खुपसायची आणि आतला आकडा वाचायचा. दवाच्या सकाळी वेचलेल्या कापसाला आणखी दोन दिवस ऊन दाखवावं की आजच गाडी भरावी, हे बाजारात पोचण्याआधी घरीच ठरावं, इतकाच हेतू. ओलावा मोजायची यंत्रं बाजारात आधीपासून आहेत. पण ती बहुतेक विजेचा अवरोध मोजतात, आणि कापूस किती दाबला गेलाय यावर आकडा बदलतो. मोकळ्या ढिगातला आकडा वेगळा, पायानं तुडवून भरलेल्या गाडीतला वेगळा. हा फरक सुधारायचा तर वेगवेगळ्या गावांतला, वेगवेगळ्या तऱ्हेनं साठवलेला कापूस शेकड्यानं तपासावा लागतो. तो कापूस ऑक्टोबरपासून फार तर मार्चपर्यंत हाती लागतो. नंतर वर्षभर सरकी आणि रुई वेगळी झालेली. म्हणून राहायचं कुठं हा प्रश्न त्यांच्यासाठी घरगुती सोयीच्या पलीकडचा होता.

चार जागा

नागपूर आधी गळालं. तिथं केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, जिनिंगचं, म्हणजे सरकीपासून रुई वेगळी करण्याचं, प्रशिक्षण केंद्र आहे, सुटे भाग सीताबर्डीत मिळतात, विमानतळ आहे. बंगळूरला नवउद्योजक कोरमंगला नाहीतर एचएसआर लेआउटमधे घर घेतात, कारण पैसा, माणसं आणि गिऱ्हाईक तिथं एकाच गल्लीत भेटतात. कापसात हे तिघं एका जिल्ह्यातही भेटत नाहीत. नागपुरात राहिलं असतं तर कापसावर बोलणारे पुष्कळ भेटले असते. कापूस घेऊन येणारा मात्र ७५ किलोमीटरवर. शिवाय तिथल्या भाड्यात हातातले पैसे निम्म्या वेळात संपले असते.

सेवाग्राम तिचं आवडतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. वर्ध्यापासून आठ किलोमीटर, शांत, झाडीचं. कस्तुरबा रुग्णालय हाकेच्या अंतरावर. अभियांत्रिकी महाविद्यालय तिथंच, म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरं प्रकल्पासाठी मिळतात. वर्ध्यात मगनवाडीला ग्रामीण उद्योगांसाठीची महात्मा गांधींच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथं यंत्र दाखवता येतं, चार शहाणी माणसं भेटतात. येळाकेळीवरून समृद्धी महामार्गाला लागता येतं. आणि मुलीसाठी आनंद निकेतन, नई तालीमची शाळा, जिथं पोरं शेतात आणि स्वयंपाकघरात गणित शिकतात. तिनं ती शाळा एकदा पाहिली आणि बाकीच्या सगळ्या शाळा तिच्या मनातून उतरल्या.

तरी त्यांनी सेवाग्राम बाजूला ठेवलं. मित्राकडे काही आठवडे राहून पाहिल्यावर तिच्या ध्यानात आलं, की दिवसभर चर्चा छान होतात आणि सळई एका जागी पडून राहते. संस्थेतल्या माणसाला यंत्र दाखवलं की तो अचूकतेबद्दल विचारतो. कास्तकाराला दाखवलं की तो विचारतो, ‘याचा कागद निंघते का?’ दुसऱ्या प्रश्नानं यंत्र बदललं. पहिल्यानं सादरीकरणाचा एक कागद तेवढा वाढला.

तिसरी जागा तिचं माहेर. घर फुकट, मुलीला आजी, स्वतःचं वावर, कापसाचे ढीग घरातच. गाव सोडून गेलेल्या सगळ्यांना हा मार्ग सरळ वाटतो. अडचणी दोन निघाल्या. पहिली विजेची, ती अपेक्षित होती. गावठाणाचं फिडर वेगळं असलं तरी दाब खालीवर होतो, पावसाळ्यात डीपी (गावाचा ट्रान्सफॉर्मर) उडाली की दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. कापसाचा खरा ओलावा काढायचा तर नमुना १०५ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवावा लागतो. मधेच लाईन गेली तर तो नमुना वाया. यावर इन्व्हर्टर आणि पैसे हा उपाय होता.

दुसऱ्या अडचणीवर पैशाचा उपाय नव्हता. तिचे वडील सेवा सहकारी सोसायटीच्या निवडणुकीत एका पॅनलकडून उभे राहिलेले. ती नमुने गोळा करायला फिरली तेव्हा अर्ध्या गावानं पाणी-चहा सगळं केलं आणि वर सांगितलं, ‘कापूस तं विकला ना बाई आमी.’ ढीग दारातून दिसत होता. ते खोटं बोलत होते असंही म्हणवत नाही. सभ्यपणे नकार द्यायची ती गावाकडची रीत आहे. ज्या घरातून ती येते त्या घराचा माणूस आपल्या कापसाचा आकडा लिहून नेणार, हे त्यांना नको होतं. तिला हे फार लागलं. नवऱ्याला मात्र त्यात एक गोष्ट दिसली, आणि पुढे तीच महत्त्वाची ठरली: इथं पत्ता म्हणजे बाजू.

ती गोष्ट त्या वेळी तशीच पुढे नेली असती तर एक हंगाम वाचला असता.

बाजाराजवळचं घर

चौथी जागा हिंगणघाट. वणा नदीकाठचं, नागपूर-हैदराबाद महामार्गावरचं, २०११ च्या जनगणनेत लाखाच्या थोडं वर वस्तीचं गाव. कापसाशी त्याचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात इथली रुई ‘हिंगणघाट’ या नावानंच विकली जायची. आणि मोजमापाशीही या गावाचा संबंध आहे, हे थोडक्यांना ठाऊक असेल. हिंदुस्थान मोजायला निघालेला विल्यम लँबटन नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ च्या जानेवारीत इथंच वारला. त्याची कबर गावात आहे. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘सर, अपशकुन सांगताय की आशीर्वाद देताय?’

बाजार समितीच्या आवारापासून पायी जाता येईल अशा घराचा वरचा मजला त्यांना सहज मिळाला. घरमालक अडतीच्या धंद्यातला, म्हणजे कास्तकारांचा माल बाजारात कमिशनवर विकून देणारा; सज्जन, शिकलेला. भाडं कमी सांगितलं. खाली गाडी लावायला जागा, थ्री-फेज मीटर. आणि जे सहसा कोणी देत नाही ते त्यानं मागितल्याबरोबर दिलं: कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय या पत्त्यावर ठेवायला हरकत नसल्याचं पत्र आणि अलीकडचं वीजबिल. ज्यांनी छोट्या गावात कंपनी काढली आहे त्यांना याचं मोल कळेल. घरमालक भाडं रोख घ्यायला तयार असतो, पण कागद म्हटला की दचकतो. आयकराचं लचांड मागे लागेल, महावितरण घरगुती मीटर काढून व्यापारी दर लावेल, उद्या भाडेकरू कब्जा सांगेल, अशा तीन भीती असतात आणि तिन्ही पूर्ण बिनबुडाच्या म्हणता येत नाहीत. महाराष्ट्रात भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत हवा, हा भाडे नियंत्रण कायद्याचा नियम आहे. तालुक्याच्या गावी अजूनही तो स्टॅम्पपेपरवर सह्या करून उरकतात. मग जीएसटीच्या नोंदणीत शंका निघते आणि माझा फोन वाजतो.

सुरुवातीचे महिने फार कामाचे गेले. सकाळी आवारात गाड्या लागायला लागल्या की ती सळई घेऊन खाली उतरायची. यंत्र दर आठवड्याला बदलत होतं. आकडे इंग्रजीतून देवनागरीत आले आणि मोठे झाले. सळई लांब झाली, कारण तिच्या आधीच्या मापात गाडीच्या मधोमधचा कापूस यायचाच नाही, आणि ओला माल मधोमध असतो हे लहान पोरालाही माहीत आहे. मोबाइलचं ॲप मागे पडलं. कास्तकाराला हवी होती चिठ्ठी, तारीख-वेळ छापलेली, खिशात घालून समोरच्याच्या टेबलावर ठेवता येईल अशी. बसच्या कंडक्टरच्या यंत्रासारखा छोटा प्रिंटर जोडल्यावर लोकांनी पहिल्यांदा किंमत विचारली. हे सगळं सेवाग्रामला बसून सुचलं नसतं, हे मला मान्य करावंच लागेल.

गोष्ट बिघडली ती एका म्हाताऱ्या कास्तकाराच्या प्रश्नानं. त्याच्या गाडीत ११ आला होता. त्यानं चिठ्ठी वाचली, घडी केली आणि शांतपणे विचारलं, ‘बाई, हे मशीन कोन्या सेठचं हाय?’ तिनं सांगितलं, आमचंच आहे, आम्हीच बनवलंय. तो म्हणाला, ‘तुमी राह्यता कोनाच्या घरी?’

तिनं नाव सांगितलं. पुढं तो काही बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

एकदा कान तिकडे लागल्यावर सगळीकडून तेच ऐकू यायला लागलं. यंत्रानं जास्त आकडा दाखवला की लोक म्हणायचे, अडत्यानं बसवलंय, कापायला. कमी दाखवला तर दुसरे अडते म्हणायचे, आपल्या गिऱ्हाइकांचा माल कोरडा ठरवून द्यायचा धंदा आहे. एका जिनिंगवाल्यानं आत येऊ दिलं नाही. आमच्याकडे किती गाड्या येतात याचा हिशेब तुमच्या घरमालकाला जाईल, असं तोंडावर सांगितलं. घरमालकाचा आणि कंपनीचा भाड्यापलीकडे काहीही व्यवहार नव्हता. माझ्याकडे वह्या आहेत, मी खात्रीनं सांगू शकतो. पण बाजारात वह्या कोण बघतो? माडीवर कोण राहतं ते दिसतं.

हंगाम संपल्यावर नवऱ्यानं एक काम केलं. ज्यांनी यंत्र विकत घेतलं किंवा भाड्यानं नेलं त्यांची गावं त्यानं नकाशावर टोचली. जवळजवळ सगळी टोचणी त्या घरमालकाच्या अडतीत माल घालणाऱ्या गावांत पडली. हिंगणघाटपासून तेवढ्याच अंतरावरची, रस्ता तितकाच बरा असलेली दुसऱ्या अंगाची गावं कोरी.

इथं थोडं सावधपणे बोलायला हवं. हे एकट्या पत्त्यामुळं झालं असं मी म्हणत नाही. प्रात्यक्षिकंही त्याच गावांत जास्त झाली होती, कारण ओळख करून देणारा तोच होता. पण ओळख करून देणारा तोच का होता, असं विचारलं की आपण फिरून पुन्हा त्या माडीवर येतो. यंत्र चांगलं असलं की कोणाच्या घरी राहता यानं फरक पडत नाही, असं पुण्यातले त्यांचे मित्र फोनवर सांगायचे. मोबाइल विकणाऱ्याला कदाचित नसेल पडत. ज्या वस्तूचं काम दोन बाजूंच्या मधे उभं राहून आकडा सांगणं आहे, तिला पडतो. काटा ज्याच्या ओट्यावर, त्याच्या मापावर संशय येणारच.

दुसरा शोध

या वेळी अटी आधी ठरल्या. घरमालकाचा कापसाच्या खरेदी-विक्रीशी संबंध नको. पॅनलचा, पक्षाचा चेहरा नको. बाजार सायकलनं गाठता यावा. आणि पाणी. २०२२ च्या पावसाळ्यात वणेचं पाणी सखल वस्त्यांत शिरलं होतं. घर बघायला गेल्यावर नवरा पहिला प्रश्न विचारायचा तो पाण्याचा, की त्या साली पाणी कुठवर आलं होतं. घरमालक सांगायचा, ‘आपल्याकडं नाई आलं.’ शेजारचा भिंतीवरची रेघ दाखवायचा.

आणखी एक अट होती जी कुठल्याच दलालाला कळली नाही: एक खोली अशी हवी जिथं कूलर लागणार नाही. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कूलरशिवाय माणूस बसू शकत नाही. पण कूलर म्हणजे खोलीत पाण्याची वाफ, आणि कापूस हवेतला ओलावा ओढून घेतो. आपण मोजायला बसलो की नमुना आपल्या डोळ्यांदेखत जड होतो. कापडाच्या चाचण्यांसाठी आपल्याकडे २७ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता ही हवा प्रमाण धरतात. ती राखायची तर जाड भिंतीची, उत्तरेकडची, माळा असलेली खोली लागते. स्लॅबच्या नव्या घरांत ती मिळेना, टिनाच्या शेडमधे तर विचारूच नका. शेवटी मातीच्या जुन्या घरांकडे वळावं लागलं.

घर शोधताना जे ऐकावं लागलं तेही लिहायला हवं. त्यांचं लग्न आंतरजातीय. घर पसंत पडलं, भाडं ठरलं, मग घरमालकीण सहज विचारायची, ‘तुमी कोन?’ इंजिनीअर म्हणून सांगितलं की ती पुन्हा विचारायची, ‘तसं नाई, कोन म्हंजे?’ दोनदा असं झालं की दुसऱ्या दिवशी घरमालकाच्या मुलाचं लग्न अचानक ठरलं आणि खोल्या लागणार होत्या. त्यांच्याकडं कामाला असलेल्या तंत्रज्ञ पोराला तर एकट्या पुरुषाला खोली देत नाही या नावाखाली चारी दिशा बंद झाल्या. त्याला खरं कारण माहीत होतं आणि आम्हालाही. कुठं राहायचं याच्या चर्चेत भाडं, इंटरनेट, शाळा यांच्या याद्या सगळे करतात. विदर्भात, आणि कुठंच नाही असं नाही, त्या यादीआधी ही चाळणी लागते. जागा आपण निवडतो असं बोलायची सवय आहे, अर्धी निवड जागा करते.

मी त्यांना एक लालूच दाखवली होती, तीही सांगतो. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाच्या प्रकल्पाला महिलेला शहरी भागात २५ टक्के आणि ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान मिळतं. खुल्या गटातल्या पुरुषाला हेच १५ आणि २५. म्हणजे नगरपरिषदेची हद्द संपते तो रस्ता ओलांडला की दहा टक्क्यांचा फरक. वीस लाखांच्या प्रकल्पात दोन लाख. पण हे अनुदान व्यक्तीला आहे, प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला नाही. उलट केंद्राची स्टार्टअप म्हणून मान्यता हवी तर कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी असं काहीतरी लागतं, एकट्याच्या मालकीचा धंदा चालत नाही. बाहेरचा पैसा पुढेमागे घ्यायचा होता, म्हणून त्यांनी कंपनीच ठेवली आणि अनुदान सोडलं. माझ्या व्यवसायातल्या कित्येकांनी याउलट सल्ला दिला असता. अनुदानाच्या हद्दीप्रमाणं घर शोधणारे मी पाहिले आहेत. अनुदान येऊन संपतं, घर मात्र तिथंच राहतं.

गंमत अशी की अनुदान सोडल्यावर जे घर मिळालं ते ग्रामपंचायतीतच निघालं. हिंगणघाटला लागून, पण नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर, समुद्रपूरकडून कापसाच्या गाड्या येतात त्या रस्त्यावर. घर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींचं. त्यांनी जात विचारली नाही. मटण करता का, एवढं विचारलं, आणि करत असाल तर रविवारी आम्हालाही वाटी पाठवा म्हणाले. मालकीचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि वीजबिल. हरकत नसल्याचं पत्र त्यांनी स्वतःच्या हातानं, सुंदर अक्षरात, शुद्धलेखन तपासून लिहून दिलं. मला ते टंकलिखित हवं होतं. ते म्हणाले, ‘टाइपचं खरं आन् हाताचं खोटं असते का?’

गुरुजींची खरी किंमत मात्र कागदात नव्हती. आसपासच्या गावांत त्यांनी शिकवलेली पोरं आता चाळिशी-पन्नाशीला आलेली, आणि ती दोन्ही पॅनलमधे आहेत. ओट्यावर सगळ्यांचं येणं-जाणं. बँकेची नोटीस, पीकविम्याचा मेसेज, जमिनीच्या मोजणीचं पत्र वाचून घ्यायला लोक येतात. त्या ओट्यावर सळई ठेवलेली असते. ‘कोनाच्या घरी राह्यता?’ या प्रश्नाला ‘गुरुजींच्या’ असं उत्तर दिलं की पुढचा प्रश्न यंत्राबद्दल असतो. पहाटे बाजाराला निघालेल्या गाड्या आता चहाला तिथं थांबतात आणि गाडीवरची ताडपत्री उचलून ओलावा बघून घेतात. बाजारात पोचायच्या आधीच चिठ्ठी हातात. आवाराजवळ राहून जे साधलं नाही ते आवाराच्या अलीकडे राहून साधलं.

किंमत कोणी मोजली

हे सगळं सुरळीत झालं असं वाटू नये. पहिले काही महिने तिथं फायबर नव्हतं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत तार आलेली, घरापर्यंत नाही. केबलवाल्याला खांबांचे पैसे यांनी दिले. सर्व्हरचं काम नवरा रात्री मोबाइलच्या जोरावर करायचा. लाईन जायची तशी जातेच. पण सगळ्यात जास्त त्यालाच सोसावं लागलं असं माझं मत. तिला बोली येते, माणसं माहीत आहेत, ‘ताई’ म्हणून दहा घरं तिची. त्याला संध्याकाळी ज्याच्याशी कामाचं बोलावं असा एक माणूस पाच किलोमीटरमधे नव्हता. बाणेरला तो जिन्यात भेटायचा. वऱ्हाडी त्याला कळायला लागली, पण विनोद अजून दुसऱ्या दिवशी कळतात. आता तो महिन्यातून काही दिवस वर्ध्याला येऊन महाविद्यालयातल्या पोरांबरोबर बसतो. प्रवासाचा तो खर्च मी ‘प्रशिक्षण’ या सदरात टाकतो. खरं सदर वेगळं आहे.

जुन्या घरमालकाला वाईट वाटलं. त्याचं म्हणणं, मी कधी तुमच्या यंत्राला हात लावला का? नव्हता लावला. ती त्याला भेटून सगळं सांगून आली, नकाशाही दाखवला. तो बराच वेळ नकाशा बघत होता, मग म्हणाला, ‘यातलं एक गाव माह्याकडून मागच्याच साली फुटलं.’ त्या गावातली टोचणीही ते फुटल्यानंतरची होती. आता तोही अधूनमधून स्वतःची गाडी गुरुजींच्या ओट्यावर थांबवतो.

गेल्या हंगामात नकाशाचं दुसरं अंग भरायला सुरुवात झाली. तिच्या माहेरच्या गावातल्या दुसऱ्या पॅनलच्या घरांनी यंत्र घेतलं ते गुरुजींकडून, तिच्याकडून नाही. तिला ते चाललं.

अडलेली गोष्ट शाळेची आहे. मुलगी येत्या जूनमधे पहिलीत जाईल. गुरुजी म्हणतात, गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घाला, मी संध्याकाळी बसवतो. नवऱ्याला शहरातली इंग्रजी शाळा हवी आहे, व्हॅन दारात येते. तिच्या डोक्यात अजून सेवाग्राम आहे. तिचा हिशेब असा: कापूस ऑक्टोबर ते मार्च, तेवढे महिने हिंगणघाट, बाकीचे महिने सुधारणा आणि जुळणीचं काम सेवाग्रामला करावं. शाळा मात्र जून ते एप्रिल चालते, हंगामाप्रमाणं तिला हलवता येत नाही. मग आई-मुलगी सेवाग्रामला आणि बाप ओट्यावर, असं करायचं का? मला ते पटत नाही. ज्याला बोली येत नाही त्याला ओट्यावर एकटं ठेवणं म्हणजे निम्मं काम बंद ठेवणं. ती म्हणते, चार हंगामांत येईल त्याला. भाडेकराराचं नूतनीकरण मेमधे आहे. गुरुजींनी भाडं वाढवायला नकार दिलाय आणि करारात कालावधीचा रकाना सध्या मी मोकळा ठेवला आहे.